मंजूर नमुना

टक्. एवढाच आवाज झाला, अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा. स्वप्ना ओट्यापाशी दोडक्याच्या शिरा काढत होती. बाहेरच्या खोलीत काहीतरी पडलं असेल असं तिला वाटलं आणि ती शिरा काढतच राहिली. मग वास आला. आधी सुक्या मासळीसारखा, मग त्याच्यामागून तापलेल्या प्लास्टिकचा. लाईट नुकतीच परत आली होती. खालच्या मजल्यावरचा टीव्ही मध्येच कुठूनतरी बोलायला लागला होता. ती बाहेर आली तेव्हा सदानंदसमोरचा पडदा काळा होता आणि टेबलाखालच्या डब्याच्या जाळीतून धुराची बारीक रेघ निघून सरळ वर चालली होती. तिने भिंतीवरचं बटण बंद केलं, खिडकी उघडली, मग नवऱ्याकडे पाहिलं. त्याची मान पट्ट्याने खुर्चीला धरलेली होती. वळता येत नव्हतं, पण डोळे पार कोपऱ्यापर्यंत आले होते, तिला शोधत. "भाजलं नाही ना कुठे?" तिने विचारलं. एकदा पापणी मिटली की हो, लागोपाठ दोनदा मिटली की नाही, असं त्यांच्यात ठरलेलं होतं. दोनदा मिटली. मग त्याने डोळे पुन्हा त्या काळ्या पडद्याकडे नेले आणि तो तिथेच पाहत राहिला, बस निघून गेल्यावर माणूस रस्त्याकडे पाहतो तसा.

तो सकाळपासून लिहीत होता. लाईट गेल्यावरही इन्व्हर्टरवर लिहीतच राहिला होता. हाताने नव्हे, हात जाऊन दोन वर्षं झाली होती. आधी उजव्या हाताची पकड गेली, तो नोकरी करायचा त्या बँकेत सही जुळेना म्हणून त्याचाच चेक त्याच्याच शाखेतून परत आला, त्यावर तो घरी येऊन हसला होता. मग पाय गेले, मग जीभ. मज्जातंतूंचा आजार आहे, बुद्धीला काही होत नाही, असं डॉक्टर प्रत्येक वेळी सांगायचे, जणू ती मोठी सवलत होती. शेवटी डोळे उरले. पडद्याखाली बसवलेली कॅमेऱ्याची पट्टी त्याच्या बुबुळांवर लक्ष ठेवायची. ज्या अक्षरावर तो नजर रोखील ते उमटायचं, आणि सगळं लिहून झालं की कोपऱ्यातल्या एका चौकोनाकडे पाहायचं. मग मशीन ते मोठ्याने बोलायचं. त्याच्या आवाजात. जीभ पुरती जायच्या आधी आर्याने, त्यांच्या मुलीने, त्याला महिनाभर समोर बसवून वाचायला लावलं होतं. अग्रलेख, शेतकी मासिकातली जाहिरात, लग्नपत्रिका, जे हाताला येईल ते. त्या वाचनातून तिने आणि तिच्या कॉलेजातल्या मित्रांनी तो आवाज तयार केला. हुबेहूब नव्हता. बादलीत तोंड घालून बोलल्यासारखा थोडा घुमायचा. पण वाक्य संपताना खाली उतरायची त्याची सवय त्यात आली होती; सदानंद कुठलंही वाक्य दुसऱ्याच्या उंबऱ्यावर अलगद ठेवल्यासारखं संपवायचा. रागावला तरी. हा आवाज इंटरनेटवर कुठेही ठेवायचा नाही असं त्याने बजावलं होतं. बँकेत त्याने पाहिलं होतं, आवाजाची नक्कल करून लोक म्हाताऱ्यांना कसे फसवतात ते. म्हणून सगळं त्या एका डब्यात, आणि त्याची प्रत त्याच डब्याला कायमच्या जोडलेल्या डिस्कवर. आर्या म्हणाली होती, बाबा, प्रत दुसरीकडे ठेवूया. ठेवूया, असं सगळेच म्हणाले होते.

त्या रविवारी तो लिहीत होता ते साधं नव्हतं. छातीच्या डॉक्टरांनी मागच्या भेटीत खुर्ची जवळ ओढून विचारलं होतं. श्वास घ्यायचे स्नायू आता थकत आलेत. एक दिवस येईल तेव्हा गळ्याला छेद देऊन नळी बसवायची आणि पुढे कायम मशीनवर श्वास घ्यायचा, की ते करायचं नाही? तुम्ही शुद्धीवर आहात तोवर तुम्हीच ठरवा, म्हणजे ते घरच्यांवर येणार नाही. सदानंदने घरी आल्यावर मशीनवर सांगितलं होतं, "रविवारी सांगतो. लिहून." म्हणून स्वप्ना स्वयंपाकघरात गेली होती. पडदा मोठा होता, अक्षरं लांबून दिसायची, आणि माणूस लिहीत असताना त्याच्या खांद्यावरून वाचू नये एवढी रीत तिला अजून पाळायची होती. दोडके सोलायची काही घाई नव्हती. अधूनमधून ती कान द्यायची. चौकोनाकडे पाहायचंच काय ते राहिलं असेल, असं तिला नंतर नेहमी वाटत राहिलं.

कपाटाच्या आतल्या बाजूला जुना तक्ता चिकटवलेला होता. क, च, ट, त, प आणि शेवटी य. आपण ओळीचं पहिलं अक्षर म्हणायचं, पापणी मिटली की त्या ओळीतली अक्षरं एकेक म्हणायची. तिने तो काढून त्याच्यासमोर धरला. "काय लिहिलं होतं तुम्ही?" मग एकेक अक्षर येत गेलं. लांब आहे. "हो की नाही एवढंच सांगा ना. नळी बसवायची की नाही?" पापणी एकदाही मिटली नाही. तिने पुन्हा तक्ता धरला. मशीन आल्यावर. एवढं सांगायला दुपार सरली, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते थकव्याचं होतं, तिने टिपलं.

तो जळलेला सप्लाय तिने निवडला होता. भिंतीतली वीज घेऊन मशीनच्या आतल्या सगळ्या अवयवांना मोजून वाटणारी ती पेटी. संगणकवाले तिला एसएमपीएस म्हणतात. जुनी पेटी कुरकुरायला लागली तेव्हा स्वप्नाने ठरवलं की ही वस्तू आपण स्वतः पारखून घ्यायची. वालीवच्या एका औषध कंपनीत ती गुणवत्ता विभागात होती, गोळ्यांच्या पॅकिंगचं काम तिच्याकडे होतं, आणि पारखणं हे तिचं पोटापाण्याचं काम होतं. संध्याकाळी सदानंदला भरवून झालं की ती त्याच्या शेजारी बसून फोनवर रिव्ह्यू पाहायची. दाढीवाला एक तरुण पेटी तळहातावर तोलून म्हणायचा, वजनदार आहे, भारी माल आहे. इंदूरची एक मुलगी हिंदीत वायरींचं कौतुक करायची. सदानंद ऐकायचा आणि मशीनवर म्हणायचा, "हिच्या मागचा पडदा चांगला आहे." मग तिला तो इंग्रजी लेख सापडला. लिहिणाऱ्याने पेटी यंत्राला जोडून पूर्ण भाराने तापवली होती, आलेख काढले होते, आणि शेवटी स्क्रू काढून पेटी उघडून आतले फोटो टाकले होते. वीज साठवणारे जपानी कपॅसिटर, तपकिरी, एका उंचीचे, शाळेच्या रांगेसारखे. जोड स्वच्छ. उष्णता उतरवणारे ॲल्युमिनियमचे जाड पत्रे. तो लेख तिने दोनदा वाचला. बाकीचे लोक बाहेरून बोलत होते; हा आत जाऊन आला होता. आपल्यासारखा माणूस, असं तिला वाटलं, आणि बरं वाटलं. त्या दिवसांत तिला फार थोड्या गोष्टींनी बरं वाटायचं. माणिकपूरच्या केनीकडे ती नाव घेऊन गेली तेव्हा तो म्हणाला, "घ्या मॅडम, मीपण वाचलंय. एक नंबर आहे." कुणीच तिला अडवलं नव्हतं. हे तिला नंतर सारखं आठवायचं, की या सगळ्यात अडवणारं कुणी नव्हतंच. अडवण्यासारखं काही दिसतही नव्हतं.

केनीच्या दुकानात तिने तो डबा स्वतः नेला. केनी चाळिशीचा, बारीक, कानामागे पेन्सिल खोचून बोलणारा माणूस. त्याने जळकी पेटी बाहेर काढली आणि उघडली. "अरे," तो म्हणाला आणि त्याने पेटी तिच्याकडे फिरवली. तिने वाकून पाहिलं. फुगून फाटलेले काळे कपॅसिटर, लहानमोठे, वाकडे. ॲल्युमिनियमचा एक पातळ पत्रा. डिंक लावून बसवलेली गुंडाळी. तिने फोनवर तो लेख काढला, फोटो मोठा केला आणि फोन पेटीशेजारी धरला. पेटीवर तेच नाव होतं. तोच क्रमांक, तेच सोनेरी लेबल, बाहेरचा रंगसुद्धा तोच. "ही नकली आहे का?" तिने विचारलं.

"नकली नाही मॅडम. कंपनीचीच आहे. बिल आहे, वॉरंटी आहे, नवी देतील ते." केनीने पेन्सिलीने आतला एक जोड हलवला. "आतला माल बदलला. पहिली खेप या फोटोतल्यासारखी काढतात, रिव्ह्यूवाल्यांना पाठवतात. दोन वर्षांनी तेच नाव ठेवून आत दुसरं भरतात."

"म्हणजे रिव्ह्यू खोटा."

"खोटा कसा? त्याने बघितलं ते खरंच लिहिलं. फक्त ते ह्याच्याबद्दल नव्हतं." मग तो बाकीचे भाग तपासत गेला, आणि प्रत्येक भाग तपासून बाजूला ठेवताना त्याचा आवाज खाली जात गेला. जाताना पेटीने नको तेवढी वीज सगळीकडे सोडली होती. आतली डिस्क गेली. जोडलेली डिस्क गेली. कॅमेऱ्याची पट्टीही. "माझा एक माणूस आहे मुंबईत, डिस्कमधलं काढतो. पाठवतो त्याच्याकडे. पण मॅडम..." काही दिवसांनी त्या माणसाचं उत्तर आलं, काहीच निघालं नव्हतं.

परतताना रिक्षा उमेळ्याच्या फाट्याशी थांबून राहिली. पुढे सिमेंटचा एक मिक्सर वाडीत वळत होता. जिथे मागच्या वर्षापर्यंत केळी होत्या तिथे निळे पत्रे उभे राहिले होते आणि पत्र्यांवर बागेचं चित्र होतं. स्वप्ना मांडीवरच्या रिकाम्या पिशवीची घडी घालत, मोडत होती. तिच्या विभागात एक स्टीलचं कपाट होतं. त्यात लिफाफे होते, आणि प्रत्येक लिफाफ्यात मंजूर नमुना. पुरवठादार पहिल्यांदा गोळ्यांच्या पॅकिंगची जी चकाकणारी पट्टी आणून देतो ती तपासून, त्यावर सही करून तिथे ठेवायची, आणि पुढे येणारा प्रत्येक माल त्या नमुन्याशी लावून पाहायचा. कारण पहिला नमुना नेहमी चांगलाच असतो. नोकरीला लागलेल्या मुलींना ती पहिल्या दिवशी हेच शिकवायची. एकदा एका जुन्या पुरवठादाराने पट्टीची जाडी केसभर कमी केली होती आणि तिने बोटांनी ती ओळखली होती; साहेबांनी सगळ्यांसमोर टाळ्या वाजवायला लावल्या होत्या. आणि घरी तिने दुसऱ्या कुणाचा तरी मंजूर नमुना पाहून माल घेतला. तिला स्वतःची चीड येत नव्हती, हे तिला विचित्र वाटलं. चीड यायला आत काहीतरी ताठ लागतं. ती सकाळी उठायची, त्याचं सगळं करायची, कामावर जायची, यायची, पुन्हा सगळं करायची. शेजारणी म्हणायच्या, स्वप्नाताई, तुम्ही आहात म्हणून. सगळ्यांचा अभिप्राय एकच होता. चौथ्या वर्षात तिच्या आत नक्की काय भरलेलं आहे हे उघडून पाहायची वेळ कुणावर आली नव्हती.

नवं मशीन केनीने जुळवायला घेतलं, पण डोळ्यांच्या कॅमेऱ्याची पट्टी बाहेरून यायची होती, आणि ती येत नव्हती. आर्या पुण्याहून रोज फोन करायची आणि आवाज पुन्हा करता येणार नाही हे रोज नव्याने सांगायची. तिच्याकडे बाबांचे लग्नातले, सहलीतले व्हिडिओ होते, पण त्यांत गाणी, गडबड, आणि मध्ये बाबांचं एखादं "अगं इकडे बघ". तेवढ्यावर काही होत नाही, आई. घर तक्त्यावर चालायला लागलं. दिवसा त्याला सांभाळायला ॲंजेला यायची, सांडोरहून, स्कूटरच्या हुकाला केळ्यांची फणी लटकवून. तिला तक्त्याचा धीर नव्हता. पहिलं अक्षर आलं की ती तर्क लढवायची. "प? पाणी? पाय? पाठ खाजवू? पंखा? दादा, पटकन सांगा, माझी पोळी करपतेय." सदानंदचे डोळे हसायचे, आणि कुठल्यातरी शब्दाला पापणी मिटायची. स्वप्ना कधीच तर्क करायची नाही. शेवटचं अक्षर येईपर्यंत थांबायची, शब्द पुरा झाल्यावर तो मोठ्याने म्हणून पुन्हा विचारायची, बरोबर? अर्धं वाचन हे वाचन नव्हे, हाही तिच्या विभागातला नियम होता. एकदा ॲंजेला म्हणाली, "वहिनी, तुम्ही त्यांच्याशी बोलता की त्यांना तपासता?" आणि मग स्वतःच घाबरून तिने विषय बदलला. स्वप्नाला राग आला नाही. त्या रात्री पाठीला तेल लावताना तिने एकही अक्षर विचारलं नाही, नुसतं तेल लावलं. त्याला काय सांगायचं होतं ते राहिलं असेल तर राहिलं.

खोकला एका गुरुवारी सुरू झाला. खोकणं म्हणजे आता नुसतं छातीतून येणारं घरघरणं. बाहेर काही पडायचं नाही. शनिवारी सकाळी त्याच्या ओठांचा रंग बदललेला ॲंजेलाने पाहिला आणि आधी रुग्णवाहिकेला, मग स्वप्नाला फोन केला. दवाखान्याच्या अतिदक्षता विभागात त्याच्या नाकातोंडावर घट्ट मास्क बांधलेला होता, आणि तरुण डॉक्टर दाराशी उभं राहून हळू बोलत होते. सदानंदचा धाकटा भाऊ परेश बोरिवलीहून आला होता; त्याचा शर्ट उलटा होता आणि ते त्याला कळलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "मास्कवर फार वेळ निघणार नाही. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतोय, त्यांना गुंगी येतेय. नळीबद्दल त्यांनी काही ठरवलं होतं का? कागदावर काही आहे?"

"ते रविवारी सांगणार होते," स्वप्ना म्हणाली.

"या रविवारी?"

"नाही. मागे. मशीन जळलं."

डॉक्टरांनी परेशकडे पाहिलं, परेशने स्वप्नाकडे. "वहिनी, तू आत जाऊन विचार ना. तुला कळतं त्याचं."

ती आत गेली. तक्ता तिच्या पिशवीत होता. तिने त्याच्या डोळ्यांसमोर आपला चेहरा आणला. त्याने ओळखलं, बुबुळं स्थिर झाली. "अहो, नळी बसवायची का? गळ्याला? हो असेल तर एकदा." पापणी मिटली. ती मागे वळणार इतक्यात पापणी पुन्हा मिटली. दोन लागोपाठ होत्या का? मध्ये किती वेळ गेला? दोन वेगवेगळे हो होते, की एक जड झालेला नाही? यंत्रं टिंगटिंगत होती. तिने तक्ता काढला. क. च. ट. त. मिटली. त, थ, द, ध, न. मिटली. न. "पुढे? क?" आणि क म्हणताना पापणी खाली आली. आली ती वर गेलीच नाही. "अहो," ती म्हणाली. "अहो, अर्धं राहिलं." तिने त्याच्या गालाला हात लावला, तो गरम होता, मास्कमधली हवा तिच्या मनगटाला लागत होती. मिटणं म्हणजे मिटून उघडणं. उघडली नाही तर ते मिटणं धरायचं नाही. ती नको म्हणत नव्हती, ती फक्त क म्हणत होती, आणि त्याला झोप आली. असंही असेल.

दारापर्यंतचं अंतर थोडं होतं. त्या थोड्याशा अंतरात तिला फार स्वच्छ दिसलं की तिला काय हवं आहे. तिला हे संपायला हवं होतं. सकाळी कुणाचीही कूस न बदलता चहा घ्यायला हवा होता. ही इच्छा काही नवी नव्हती, फक्त आज ती दिव्याखाली येऊन उभी राहिली, ओळखीच्या माणसासारखी, आणि म्हणाली, त्यानेही तेच सांगितलं की. न आणि क. स्वप्ना तिच्याकडे पाहून घाबरली. ज्या निकालाने आपला फायदा होतो तो निकाल आपण द्यायचा नसतो. परेशचे डोळे लाल होते. डॉक्टरांच्या हातात पेन होतं.

"नळी म्हणाले," ती म्हणाली.

"नक्की ना वहिनी?"

"नळी."

परेशने तिचे दोन्ही हात धरले आणि तो रडायला लागला. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही सांगताय म्हणजे बरोबरच असणार." त्यांनी लिहून घेतलं.

ते जगले. म्हणजे तो जगला. पण दवाखान्यात तिला सारखं अनेकवचनात बोलायची सवय लागली, तो, नळी, यंत्र, बाटली, सगळे मिळून ते. घरी आणलं तेव्हा पलंगाशेजारी श्वासाचं यंत्र आलं होतं. दर काही सेकंदांनी ते सुस्कारा सोडायचं आणि सदानंदची छाती वर यायची, कुणीतरी खालून उचलल्यासारखी. ॲंजेला नळीतला कफ ओढायला शिकली, स्वप्ना आधी शिकली होती. आणि त्याच आठवड्यात कॅमेऱ्याची पट्टी आली. केनीने फोन केला, सप्लाय कुठला घालू? तिने दोन संध्याकाळी पुन्हा तेच केलं. फोनवर तेच दाढीवाले, त्याच पेट्या तळहातावर तोलणारे. आत जाऊन आलेला तो लेखकही होता. त्याने दुसऱ्या पेट्या उघडल्या होत्या, दुसरे फोटो टाकले होते. ती वाचत गेली, कारण दुसरा रस्ता नव्हता. आपण उघडून पाहावी तर वॉरंटी जाते, आणि उघडूनही आपल्याला काय कळणार. तिने एक नाव केनीला कळवलं. या वेळी तिला बरंबिरं काही वाटलं नाही.

मशीन लागलं त्या दिवशी आर्या आली होती, परेश आला होता. सदानंदने पडद्यावरच्या फिरत्या ठिपक्यांचा पाठलाग केला, पट्टीला त्याचे डोळे पुन्हा ओळखू आले. मग त्याने लिहिलं आणि चौकोनाकडे पाहिलं. "आर्या, जेवलीस का." बायकी नव्हता, पुरुषी होता, स्वच्छ होता, रेल्वे स्टेशनावर गाडी उशिरा येत असल्याचं सांगणारा कुठलाही आवाज. वाक्य शेवटाला उतरत नव्हतं, सरळ जाऊन थांबत होतं. आर्या हसली आणि हसताहसता तोंडावर ओढणी धरून गॅलरीत गेली. परेश म्हणाला, "दादा, मस्त येतोय रे आवाज." सदानंद म्हणाला, "हो." परेशने पुढे होऊन त्याचं कपाळ कुरवाळलं.

आर्या पुण्याला परत गेल्यावर एका दुपारी घरात दोघंच राहिली. ॲंजेला नातेवाइकाच्या मिस्साला, चर्चमधल्या प्रार्थनेला, सांडोरला गेली होती. स्वप्नाने खुर्ची पलंगाजवळ ओढली, मग पुन्हा थोडी मागे नेली. बोलायला शब्द शोधावे लागले नाहीत. ते इतके दिवस तोंडातच होते.

"त्या दिवशी दवाखान्यात तुम्ही न म्हणालात. न-वर डोळे मिटले. आठवतंय?"

"हो."

"पुढे काय होतं?"

त्याने लिहायला सुरुवात केली. ती उठून खिडकीशी गेली आणि तिने पडद्याकडे पाठ केली. खाली बांधकामाच्या पत्र्यांच्या आत पाया भरत होते, सळ्यांचा आवाज येत होता. मागे अक्षर उमटल्याची बारीक टिचकी वाजत होती. बरीच वाजली. मग खोडल्याची वेगळी, जाड टिचकी वाजायला लागली, एकामागून एक. ती लांबलचक खोडत जाणारी रांग ऐकत स्वप्ना गजाला धरून उभी राहिली. थांबली. पुन्हा थोडं उमटलं. यंत्राने दोन-तीन सुस्कारे सोडले. मग तो आवाज म्हणाला, "नळी. तू बरोबर केलंस."

ती वळली. सदानंद तिच्याकडे पाहत होता. त्याच्या तोंडावर काही दिसत नव्हतं, तोंड जाऊन वर्ष झालं होतं. डोळे ओले होते, पण ते आता दुपारी नेहमीच ओले असायचे.

"आणि रविवारी लिहिलं होतं ते? तेच होतं?"

टिचक्या. "तेच."

"लांब होतं म्हणालात."

"कारणं होती. आता काय."

कान देऊन ऐकलं तर एखाद्या शब्दात काही सापडेल असं तिला वाटलं. वीस वर्षं ती त्याच्या आवाजावरून ओळखत आली होती, खरं किती, आपल्याला बरं वाटावं म्हणून किती. भाजी छान झाली यात मीठ जास्त आहे की नाही, हे ती शब्द संपायच्या आत सांगू शकायची. "पुन्हा म्हणा," ती म्हणाली. त्याने चौकोनाकडे पाहिलं. मागचं वाक्य होतंच तिथे. "कारणं होती. आता काय." "ते नाही. त्याच्या आधीचं." टिचक्या वाजल्या. "नळी. तू बरोबर केलंस," आवाज म्हणाला, पहिल्याइतक्याच उंचीवर, पहिल्याइतक्याच लांबीचं, कणाचाही फरक नसलेलं.

"बरं," स्वप्ना म्हणाली.

कूस बदलायची वेळ झाली होती. तिने नळीला धक्का लागू नये म्हणून ती एका हाताने धरली, दुसरा हात त्याच्या खांद्याखाली घातला, उशी पाठीला टेकवली आणि त्याला हळूच भिंतीकडे वळवलं. या कुशीवर कॅमेऱ्याला त्याचे डोळे दिसत नसत. पडद्यावर एक सूचना आली, डोळे सापडत नाहीत, आणि थोड्या वेळाने पडदा आपोआप मंद झाला. ती त्याच्या मागे पलंगावर बसली, सदऱ्याच्या आत हात घालून पाठीवर पाहिलं, कुठे लाल झालंय का. नव्हतं झालं. हात तिने तिथेच ठेवला. यंत्र हवा भरत होतं, पाठ तिच्या तळव्याखाली वर येत होती आणि खाली जात होती, आणि संध्याकाळपर्यंत त्याला काही बोलता येणार नव्हतं.